लिनक्सवर जायचंय, पण पाय निघत नाही? आधी वही काढा

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, दोनदा चढलं आणि दोनदा उतरलं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले, तेव्हा तिसऱ्यांदा बसलो. या खेपेला आधी वही काढली.

‘लिनक्स अवघड असतं’ ही भीती मोघम आहे, तिचं काही करता येत नाही. म्हणून आठवडाभर संगणकावर जे जे उघडाल ते लिहा. माझ्या यादीत चौदा नावं भरली. नऊ कामं ब्राउझरातच होत होती. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरसारखी चार लिनक्सवरही जशीच्या तशी मिळतात. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी: मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञा) घातलेली एक्सेलची जुनी फाइल. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस संचात ती उघडते, पण माझे निम्मे मॅक्रो रुसतात. तेवढ्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतच दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, विंडोज ठेवलं. तुमचं पोट फोटोशॉपवर असेल किंवा रोज व्हॅलोरंट हा गेम खेळल्याशिवाय चैन पडत नसेल, तर मात्र विंडोज काढूच नका; ते लिनक्सवर चालत नाहीत.

मग विंडोजवर असतानाच लिब्रेऑफिस आणि फोटो सुधारायचं गिंप वापरायला लागा. पहिल्या खेपेला मी सगळं एकाच दिवशी बदललं आणि साधा तक्ता करताना रडकुंडीला आलो. दुसऱ्या खेपेला दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर सांडला. दोष कॅलिब्री फॉन्ट नसल्याचा होता. कार्लिटो नावाचा मोफत फॉन्ट अक्षरांच्या रुंदीला तंतोतंत तसाच आहे. तो टाकला असता तर काम झालं असतं. हे कळेपर्यंत मी विंडोज परत टाकून बसलो होतो!

लिनक्सचे प्रकार अनेक; त्यातलं कुठलं, यावर लोक महिने घालवतात. मिंट घ्या.

ते पेनड्राइव्हवर टाकून तिथूनच चालू करा. इन्स्टॉल दाबेपर्यंत डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा बघा, प्रिंटरवर एक पान काढा. आणि झाकण मिटून दहा मिनिटांनी उघडा. ही परीक्षा बहुतेक जण विसरतात. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पडदा झाकण उघडल्यावर काळाच राहायचा, आणि ते कळलं सगळं टाकून झाल्यावर.

दोन्ही सिस्टिम शेजारी ठेवणार असाल तर बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्यासाठी ते पूर्ण बंद न होण्याची सोय) बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या फाइली वाचता येतील, पण त्यांत काही लिहिता येणार नाही. विंडोजमध्ये परत गेल्यावर घड्याळ काही तास चुकलं तर दचकू नका. मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक धरतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. लिनक्सलाच स्थानिक वेळ धरायला सांगा; एका ओळीची आज्ञा आहे.