सणाचं ॲप मिळून बनवताय? या चुका टाळा

गणपती महिन्यावर आले की प्रोग्रामरांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, "चला, सगळे मिळून एक ॲप करू या." भराभर अंगठे येतात, नाव ठरतं, लोगोवर दोन दिवस वाद होतो. अनंत चतुर्दशी उलटते तेव्हा रेपोत (कोडच्या सामायिक साठ्यात) लॉगिनचं पान तेवढं तयार असतं. माणसं आळशी नसतात हो. बाप्पा रिलीजची तारीख पुढे ढकलू देत नाहीत, हे आयडिया निवडताना कुणी धरलेलंच नसतं.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. गणेश चतुर्थी २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट. हे बघून कुणी हुशार दरवर्षी अकरा दिवस वजा करणारं फंक्शन लिहितो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे चतुर्थी थेट १४ सप्टेंबरवर जाते आणि फंक्शन महिनाभर आधीच मोदक वाटून मोकळं होतं. तिथीचं गणित स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. पंचांगातून पुढच्या चार-पाच वर्षांच्या तारखा एका फाइलीत भरा, आणि तारखेशेजारी प्रदेश व पंचांगाचं नाव लिहायला विसरू नका. २०२५ चं लक्ष्मीपूजन आपल्याकडे २१ ऑक्टोबरला होतं, उत्तरेत बहुतेक ठिकाणी २० ला. संकष्टीच्या चंद्रोदयाचंही तसंच. मुंबई आणि नागपूर यांत साधारण २०-२५ मिनिटांचा फरक पडतो. मुंबईची वेळ सगळ्यांना दाखवलीत तर उपास सोडायला बसलेला नागपूरकर तुम्हाला एक स्टारच देणार.

तारखा बरोबर भरूनही ॲप चुकीचा दिवस दाखवतंय? जावास्क्रिप्टच्या डेटला "२०२५-०८-२७" अशी नुसती तारीख दिली, की ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरली जाते. पुण्यात तेव्हा २७ च्या पहाटेचे साडेपाच, म्हणून इथे टेस्ट करणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. न्यू जर्सीच्या मराठी घरात मात्र २६ ची रात्र असते आणि स्क्रीनवर चतुर्थी एक दिवस आधी येते. वर्ष, महिना, दिवस वेगळे आकडे म्हणून द्या. महिने शून्यापासून मोजले जातात, म्हणजे ऑगस्टसाठी ८ नाही, ७ द्यायचा. ब्राउझरचा टाइमझोन बदलून एकदा बघाच.

दुसरी चूक थेट प्ले स्टोअरवर जायचा हट्ट. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल, तर किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये (निवडक लोकांपुरत्या चाचणीत) असावे लागतात. त्यानंतरच प्रकाशनासाठी अर्ज. हरितालिकेच्या रात्री हे कळून उपयोग नाही. वेब ॲप करा, लिंक व्हॉट्सॲपवर फिरवा.

विसर्जन मिरवणुकीचा लाइव्ह ट्रॅकर ही दरवर्षीची लाडकी आयडिया. लक्ष्मी रोडवरच्या गर्दीत साधा मेसेज जाताना मारामार, तिथे लाइव्ह नकाशा कुठून हलणार? मानाचे पाच गणपती, त्यांचा क्रम, मार्ग आणि बंद रस्ते इतकंच ऑफलाइन दिसलं तरी लोक दुवा देतील. फक्त ऑफलाइन पानं पुरवणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हिस वर्कर, जुनी फाइल कॅशमधून (साठवलेल्या प्रतींतून) देत राहतो. माहिती बदलली की कॅशची आवृत्तीही बदला, नाहीतर गेल्या वर्षीचे बंद रस्ते दिसतील.

मिळून करायला मला सगळ्यात सोयीचा वाटतो तो आरतीसंग्रह. प्रत्येक आरतीची वेगळी फाइल ठेवा. सगळ्या एकाच मोठ्या फाइलीत कोंबल्या तर दोघांचे बदल एकमेकांवर आदळून रोज मर्ज कॉन्फ्लिक्ट ठरलेला. नवख्यालाही एक आरती टंकून पहिली पुल रिक्वेस्ट ("माझा बदल घ्या" अशी विनंती) करता येते. शोध चालत नसेल तर आधी विसर्ग तपासा. निम्मे लोक "दुःख" लिहिताना विसर्गाऐवजी कोलन टाकतात; डोळ्यांना फरक दिसत नाही, कॉम्प्युटरला दिसतो. शोधण्याआधी दोन्ही एकसारखे करून घ्या. रामदासांच्या आरतीचे शब्द कुणीही वापरावेत, पण कॅसेटमधला आवाज उचलू नका. रेकॉर्डिंगवर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क असतो. ग्रुपमध्ये पेटी वाजवणारं कुणीतरी निघतंच.

वर्गणीचा हिशेब करणार असाल तर रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा. आणि टेस्टसाठीसुद्धा सोसायटीच्या खऱ्या यादीतली नावं नि मोबाइल नंबर सार्वजनिक रेपोत टाकू नका, कारण फाइल डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये (बदलांच्या जतन केलेल्या नोंदीत) ती तशीच राहते. नकाशाची एपीआय की (ती सेवा वापरायची गुप्त किल्ली) चुकून रेपोत गेली असेल तर इतिहास पुसायला बसण्याआधी ती रद्द करून नवी घ्या.