सॅकच्या कोपऱ्यात मावणारा चहाचा संच

सुरुवात भांड्यापासून करा, बर्नरपासून नाही. गॅसचा कॅन, बर्नर, पुड्या, सगळं त्या एका भांड्याच्या पोटात बसवायचं असतं. भांडं चुकलं की सॅकमध्ये चार सुट्या वस्तू खडखडत राहतात, आणि तिसऱ्या ट्रेकला संच घरीच राहतो.

ट्रेकर वापरतात तो २३० ग्रॅम गॅसचा, आट्यांच्या तोंडाचा कॅन साधारण ११ सेंटिमीटर रुंद असतो. त्याची रुंदी आणि उंची मोजून घ्या आणि पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जा. एक-सव्वा लिटरचा, उभट, स्टीलचा कडीचा डबा मागा. प्लॅस्टिकची मूठ नको, झाकण घट्ट हवं. ट्रेकिंगच्या दुकानातले हलके सेट चांगलेच असतात, पण दोघा-तिघांच्या चहाला कडीचा डबा पुरतो, शिवाय त्याच्यावर निखळ विश्वास टाकता येतो. कडी तापते, म्हणून छोटी सांडशी हवीच.

आता भरणी. तळाशी दुमडलेलं सुती फडकं, त्यावर कॅन, कॅनवर कापडी पिशवीत गुंडाळलेला बर्नर. उरलेल्या फटींत लायटर आणि लायटर भिजला तर म्हणून प्लॅस्टिकच्या डबीत काडेपेटी. दोन स्टीलचे पेले, गाळणी आणि सांडशी डब्याबाहेर, पण डब्यासकट एकाच थैलीत. थैलीला नाडी असू द्या. बर्नर कॅनवर चढवलेला ठेवून कधीही भरू नका.

नवा बर्नर घरीच, गच्चीवर पेटवून बघा. मी एकदा हे न करता गेलो. तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्यात पहाटे पाच वाजता कॅन चढवला आणि फुसफुस ऐकू आली. बर्नरच्या आतली रबरी चकतीच चिरलेली होती. तेव्हापासून प्रत्येक ट्रेकच्या आदल्या रात्री जोडाला साबणाचं पाणी लावतो. बुडबुडा दिसला तर तो बर्नर न्यायचा नाही.

चहाचं सामान डब्या-डब्यांत नेऊ नका, पुड्या बांधा. एका पुडीत दोन कपांची बेगमी: दोन छोटे चमचे चहा, तीन चमचे साखर, चिमूटभर सुंठ, एक ठेचलेली वेलची. घरी गवती चहा असेल तर वाळवून, कात्रीने बारीक करून तोही यातच. दुधाची पावडर मात्र वेगळी, कोरड्या बाटलीत. ती उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. पेल्यात तीन मोठे चमचे पावडर थोड्या गार पाण्यात सरसरीत कालवा, आणि चहा खाली उतरवल्यावर त्यात ओता. चव घरच्यासारखी येते ती या एका सवयीमुळे.

वर गेल्यावर चहा घाईने उतरवू नका. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. तोरणा १४०३ मीटर, म्हणजे तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. रंग यायला मिनिट-दोन मिनिटं जास्त लागतात. टाक्याचं पाणी असेल तर आधी गाळा आणि चहा टाकण्यापूर्वी एक मिनिट खळखळून उकळू द्या.

वारा अडवायला बर्नर दगडाच्या आडोशाला ठेवा. पत्र्याचा आडोसा कॅनभोवती गोल गुंडाळणं धोक्याचं आहे, कारण अडकलेल्या उष्णतेने कॅन तापतो आणि फुटू शकतो. तंबूच्या आतही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइड साचतो.

आणि हे मनापासून सांगतो: वेताळ टेकडीवर, तळजाईवर, हनुमान टेकडीवर बर्नर नेऊच नका. दिवाळीनंतर तिथलं गवत वाळायला लागतं आणि पाऊस येईपर्यंत एका ठिणगीचा वणवा होतो. राखीव वनात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हाही आहे. टेकडीसाठी संच साधा: थर्मास आधी पाच मिनिटं उकळत्या पाण्याने भरून ठेवायचा, ते ओतून कोरा, गाळलेला चहा भरायचा. दूध आधीच घातलेला चहा तासन्‌तास कोमट राहिला की बिघडतो, म्हणून पावडर वेगळीच न्यायची. सिंहगडावर हेही नको. वर पिठलं-भाकरीच्या जोडीला चहा मिळतोच.

चोथा आणि पुडीचा कागद वरच टाकून येऊ नका, रिकाम्या पिशवीत परत आणा. कॅन गार झाल्याशिवाय डब्यात घालू नका. घरी आल्यावर डबा उघडा ठेवून वाळवा, आणि कॅन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन मार्करने त्याच्यावरच लिहा. नवा आणल्या दिवशीचं वजनही लिहिलेलं असावं. वारा नसेल तर अर्धा लिटर पाण्याला साधारण ८ ते १० ग्रॅम गॅस लागतो, त्यामुळे पुढच्या ट्रेकला किती चहा निघतील ते निघण्याआधीच कळतं.