कन्व्हर्टिबलच्या मागच्या सीटवर बसायचं कसं

भाऊजींकडे जुनी फियाट १२४ स्पायडर आहे, म्हणजे कापडी टप मागे दुमडून उघडी करता येणारी कन्व्हर्टिबल गाडी. पुढे भाऊजी आणि ताई, मागे मी, अशी आमची वाटणी कायमची ठरलेली आहे, कारण तिघांत उंचीने मीच कमी. त्या मागच्या एवढ्याशा सीटवर मी भरपूर प्रवास केलाय आणि मला तिथे बसायला मनापासून आवडतं. पण 'बस की मागे, जागा आहे' एवढ्या भरवशावर कुणी तिथे चढू नये. तिथे बसायची एक रीत आहे, आणि बसणाऱ्याइतकीच ती चालवणाऱ्यालाही ठाऊक हवी.

आधी आपली सीट कुठल्या जातीची आहे ते बघून घ्या. अशा गाड्यांना २+२ म्हणतात, म्हणजे पुढे दोन जागा आणि मागे दोन छोट्या, पण मागचे ते '२' प्रत्येक गाडीत वेगळे निघतात. १९५६ साली ऑस्टिन-हीलीने १००-६ काढली, तिच्यात मागे दोन छोट्या बैठका दिल्या. त्या लहान मुलांच्या मापाच्या. मर्सिडीज २३० एसएलला मागची सीट वेगळी मागवावी लागे, तीही एकाच माणसापुरती आणि आडवी. पोर्शे ९११ कॅब्रिओलेत (कॅब्रिओले म्हणजे कन्व्हर्टिबलच) मागच्या पाठी पुढे पाडल्या की सामानाची फळी तयार होते. एकूण काय, ही जागा मोठ्या माणसाने लांबवर जाण्यासाठी आखलेलीच नाही. म्हणून निघण्याआधी गाडी उभी असताना, टप बंद करून, पाच मिनिटं आत बसून बघा. टप बंद असताना डोकं छताच्या कापडाला किंवा आडव्या दांडीला टेकत असेल, तर वाटेत पाऊस आल्यावर तुम्ही काय करणार ते तेव्हाच ठरवून टाका.

आता वारा. बहुतेकांना वाटतं की वारा समोरून येणार, तेव्हा पुढच्यांच्या पाठीआड बसलं की झालं. होतं उलटंच. समोरच्या काचेवरून उसळलेली हवा आपल्या डोक्यावरून निघून जाते, काचेच्या मागे दाब कमी होतो आणि तो भरून काढायला हवा डिकीच्या बाजूने उलटी आत शिरते. ती आधी लागते मागच्याच्या मानेला. म्हणून मागे बसलेल्याचे केस पाठीवर उडत नाहीत, तोंडावर येतात. दारांच्या काचा पूर्ण वर घेतल्या की बराच फरक पडतो, तेव्हा लाजू नका, स्पष्ट सांगा. वारा अडवणारी जाळी मिळते, पण बहुतेक गाड्यांत ती मागच्या सीटच्याच जागेवर आडवी बसते. मागे माणूस असला की तिचा उपयोग नाही. जुन्या कारागिरांनी याचा विचार केला होता, याचं मला फार कौतुक वाटतं. १९२०-३० च्या दशकांतल्या काही मोठ्या उघड्या गाड्यांना मागच्यांसाठी दुसरी काच असे. १९४६ च्या ट्रायम्फ रोडस्टरला मागे डिकी सीट होती, म्हणजे डिकीचं झाकण उघडून बसायची सीट, आणि तिच्या झाकणाचा पुढचा भाग उभा केला की मागच्यांसमोर काच यायची. आपल्याला ती चैन नाही, म्हणून केस घट्ट बांधायचे, आणि रुमाल डोक्यापेक्षा मानेभोवती आधी. पदर, ओढणी, लांब स्कार्फ यांची टोकं आत खोचूनच ठेवा, गाडीबाहेर लोंबता कामा नयेत.

चढताना घाई नको. पुढच्या सीटची पाठ पुढे पाडायची, सीट पुढे सरकवायची, दाराकडे पाठ करून आधी बूड टेकवायचं आणि मग एकेक पाय आत घ्यायचा. आधार घ्यायचा तो दाराच्या चौकटीचा. समोरच्या काचेची चौकट धरून लोंबकळू नका, आणि दुमडलेल्या टपाच्या सांगाड्याला तर हातच लावू नका. त्या पट्ट्या कात्रीसारख्या मिटतात. टप उघडताना किंवा लावताना मी दोन्ही हात मांडीवर ठेवते आणि 'हात आत' असं मोठ्याने सांगते. त्यानंतरच भाऊजी दांडीला हात घालतात. मागची काच प्लॅस्टिकची असेल तर तिच्यावर कोपर किंवा डोकं टेकू नये. थंडीत ती कडक होते आणि तडकते.

सगळ्यात महत्त्वाचं ते बसणं आणि पट्टा. पाय आडवे टाकून तिरकं बसलं की लगेच बरं वाटतं, आणि सगळे तसंच बसतात. पण कमरेचा पट्टा समोर तोंड करून बसलेल्या माणसासाठी केलेला असतो. तिरकं बसलं की तो कमरेच्या हाडांवरून सरकून पोटावर येतो, आणि जोराचा ब्रेक लागला की सगळा भार पोटावर. म्हणून मी सरळच बसते, तेही ताईच्या मागे. चालवणाऱ्याची सीट पुढे घेता येत नाही, ताईची घेता येते. एक गुडघा दोन्ही सीटांमधल्या फटीत, दुसरा दाराच्या अंगाला, आणि पट्टा मांड्यांच्या वर, हाडांवर घट्ट. सीटवर जाड गादी घालू नका. डोकं वर जातं आणि पट्टा ढिला पडतो. त्याऐवजी कमरेमागे पातळ घडी घाला. एवढं करूनही सरळ बसता येत नसेल, तर ती सीट तुमच्या मापाची नाही. मग दुसऱ्या गाडीतून या.

त्या काळच्या कित्येक गाड्यांत मागे पट्टे नसायचेच. भाऊजींनी ते नंतर बसवून घेतले. त्यात एक गोष्ट नीट बघावी लागते: पट्ट्याचा बोल्ट नुसत्या तळाच्या पत्र्यात घालून चालत नाही, झटक्यासरशी पत्रा फाटतो. कंपनीने मजबूत केलेली जागा असेल तर तिथे, नसेल तर पत्र्याखाली पोलादी प्लेट देऊन, आणि तेही जाणकाराच्या हातून. पट्टा नसलेल्या सीटवर पोरांना बसवायला माझा ठाम विरोध आहे. 'जवळच तर जायचंय' हे कारण मी ऐकून घेत नाही. दुमडलेल्या टपावर बसून मिरवणं हेही तसंच. ट्रायम्फ स्टॅगसारख्या थोड्या गाड्यांना डोक्यावर पोलादी कमान असते. बाकीच्यांत गाडी उलटली तर वर काहीही नाही.

फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल कॅब्रिओलेत बसणार असाल तर सीटखाली एकदा डोकावा. बॅटरी तिथेच असते. तिच्यावर झाकण नसलं आणि सीटच्या स्प्रिंगा वजनाने खाली दबून बॅटरीच्या टोकांना टेकल्या, तर ठिणगी पडून सीटचं भरण पेटू शकतं. झाकण जागेवर आहे ना, एवढं पाहून मगच बसायचं.

धुराचा वास बहुधा मागच्यालाच आधी येतो, कारण ती उलटी हवा सायलेन्सरच्या बाजूनेच येते. टप लावून फक्त मागची काच उघडी ठेवली तर धूर जास्त ओढला जातो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, तेव्हा डोकं जड झालं किंवा मळमळलं तर सोसत बसू नका, गाडी थांबवायला लावा.

अर्थात पुढच्यांना तुमचं ऐकू येत नाही, हीच मोठी अडचण. इंजिन, वारा, त्यात त्यांची तोंडं पलीकडे. आमच्याकडे खुणा ठरलेल्या आहेत: ताईच्या खांद्यावर एक थाप म्हणजे हळू घ्या, दोन म्हणजे थांबा. चालवणाऱ्याला कधीच हात लावायचा नाही. आणि चालवणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की खड्ड्याचा दणका मागे जास्त बसतो, कारण ही सीट बहुतेक वेळा मागच्या चाकांच्या जवळ असते. भाऊजी खड्डा दिसला की लांबूनच वेग उतरवतात, वळणावर ब्रेक आधी लावतात. असा चालक असेल तर मागे बसण्यात खरंच सुख आहे. वर अख्खं आभाळ आणि झाडांच्या फांद्या, पुढच्यांना हे इतकं दिसत नाही.

ऊन मात्र फसवतं. वाऱ्यामुळे चटका कळत नाही आणि मान, कान, केसांचा भांग भाजून निघतात. क्रीम निघण्याआधी लावा, चालत्या गाडीत ते जमत नाही. टोपी हनुवटीखाली बांधता येणारी, गॉगल कानाला घट्ट बसणारा. कानात कापसाचे बोळे चालतात, फोमचे मिळाले तर उत्तम. फोन, कागद, पिशवी, जे उडेल ते पायाशी दाबून ठेवा.

साधारण तासाभराने थांबायला सांगा. उतरताना ताई आधी उतरते, सीट पूर्ण पुढे घेते, आणि मग मी एक पाय बाहेर जमिनीवर टेकवून क्षणभर तशीच बसते. मुंग्या आलेल्या पायावर एकदम भार दिला तर तोल जातो, आणि तेव्हा हात नेमका टपाच्या सांगाड्यावरच पडतो.