कॅलिपर जाम झाला की लगेच पॅड बदलू नका : या चुका टाळा

पावसाळाभर दारात उभी राहिलेली जुनी गाडी गणपतीच्या सुमारास बाहेर काढली, की ती एका बाजूला ओढू लागते, एका चाकापाशी जळका वास येतो आणि ॲव्हरेज एकाएकी घटते. मारुती ८००, झेन किंवा सँत्रो यांसारख्या, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाड्यांत अशा वेळी पुढचा एखादा कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घर्षणाचे पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) जखडलेला असण्याची शक्यता मोठी असते. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर अधिकच. तरीही बहुतेकदा आधी पॅड बदलले जातात, आणि पहिली चूक तिथेच होते. पॅड झिजणे हा परिणाम आहे. मूळ कारण तसेच राहिले, तर नवा संचही थोड्याच दिवसांत खाल्ला जातो.

काहीही खोलण्यापूर्वी मागच्या चाकांना ठोकळे लावावेत, जॅकच्या जोडीला स्टँड द्यावा आणि पुढचे चाक उचलून, ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडल्यावर ते हाताने फिरवून पाहावे. जड फिरत असेल, तर ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा, ऑइल आणि हवा बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू) किंचित सैल करावा. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर कॅलिपर निर्दोष असू शकतो. दाब वाटेत अडकलेला असतो. जुन्या रबरी होज पाइपचे आतले अस्तर सुटून झडपेसारखे वागते : पेडलच्या जोराने ऑइल आत जाते, पण परत येत नाही. माझ्या गाडीचा कॅलिपर मी दोनदा खोलून साफ केला होता आणि दोष मात्र बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या होजमध्ये निघाला. म्हणून ही चाचणी मी आता कधीच टाळत नाही. दोन्ही चाके एकदम जखडली असतील, तर मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणाऱ्या भागाकडे, पाहावे. निपल सैल करूनही चाक हलले नाही, तरच पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅड पुढे ढकलणारा कॅलिपरमधला दट्ट्या) आणि पिन तपासायला घ्यावेत.

यांपैकी पिनांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढेमागे सरकतो, त्यांच्या रबरी बुटाला (आवरणाला) नखाएवढी चीर पडली तरी पाणी आत शिरते. पिन बाहेर काढल्यावर तिच्यावर तपकिरी गंजाचा पट्टा आणि डांबरासारखे घट्ट झालेले जुने ग्रीस दिसते. पिन गोल फिरते म्हणून ती ठीक आहे असे समजू नये, कारण तिचे काम सरकण्याचे आहे. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झाला असेल, तर संशय आधी पिनांवरच घ्यावा.

त्यानंतरची चूक वंगणाची. आपण सगळेच ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते खनिज तेल नव्हे. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावले तर या यंत्रणेतले रबर फुगते आणि मोकळी केलेली पिन पुन्हा आवळली जाते. पिनांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीसच लावावे.

पिस्टन मागे घेणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते. चौकोनी छेदाचे सील दाबाखाली किंचित वाकते आणि दाब सुटताच पिस्टनला मागे ओढते. सील कडक झाले किंवा त्याच्या खाचेत गंज साचला, की ब्रेक धरून राहतो. पिस्टन हवेच्या दाबाने काढताना समोर लाकडी फळी ठेवावी आणि बोटे दूर ठेवावीत. पिस्टनला खड्डे पडले असतील, तर पॉलिश पेपरने घासून तो वाचवू नये. मुलामा गेला की गंज अधिक वेगाने धरतो. काम चालू असताना कॅलिपर होजवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधावा.

जखडलेला ब्रेक तापतो आणि ती उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना २०५ अंश सेल्सियस असतो, पण ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आंबा घाट उतरताना ऑइल उकळून वाफ झाली, तर पेडल तळाला जाते. म्हणून दुरुस्तीनंतर ऑइल नवे भरून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढावी.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करावे, कारण मागे ढकललेला पिस्टन पॅडला टेकेपर्यंत पहिले दाब फुकट जातात. मग शक्यतो कमी ब्रेक वापरून ८-१० किलोमीटर फिरावे आणि डिस्कला हात न लावता दोन्ही पुढच्या चाकांची धग ताडून पाहावी. एक बाजू अजूनही जास्त तापत असेल, तर चाक पुन्हा उचलून निपलच्या चाचणीपासून सुरुवात करावी.