मंडईतले मटार आणि मुलांची बोटं

मुलाची ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार, सुरू झाली की आपण आधी महागडी खेळणी शोधायला लागतो. त्याऐवजी या थंडीत ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईतून अर्धा किलो मटार आणा. पिशवी मुलाच्याच हातात द्या. पेलवेल एवढं ओझं घेऊन चालताना स्नायूंना आणि सांध्यांना दाब मिळतो, बरीच चुळबुळी मुलं त्याने शांत होतात.

घरी मांडी घालून बसवा, पुढ्यात ताट. पहिल्या चार-पाच शेंगांची टोकं तुम्ही मोडून द्या. एका हाताने शेंग धरायची, दुसऱ्या अंगठ्याने शिवण दाबायची, 'टप्' झालं की दाणे अंगठ्यानेच सरकवायचे. दोन्ही हातांनी एकाच वेळी वेगवेगळं काम करणं, दाणा चिमटीत धरणं, हीच तयारी पुढे शर्टाचं बटण लावताना आणि पेन्सिल धरताना कामी येते. घरंगळलेले दाणेही त्यालाच वेचू द्या. 'दे इकडे, मी करते' म्हणायचा मोह मात्र आवरा, अगदी कळकळीने सांगते. दहा शेंगा पुरेत. कंटाळायच्या आत थांबा.

तीन वर्षांखालच्या किंवा वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला दाणे देऊ नका, घशात अडकतात. त्याला कणकेचा गोळा द्या. ओलं पीठ नकोसं वाटलं तर जबरदस्ती नको, आधी कोरड्या पिठात बोटं फिरवू दे. ओझं किती आणि वेळ किती, ते तुमच्या थेरपिस्टला विचारून ठरवा.