धंद्याआधी आकडे कसे तपासावेत: धायरीतल्या फराळाच्या दुकानाचा हिशेब

बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट बनवून देणारे पहिल्याच पानावर लिहितात, ‘या क्षेत्राची उलाढाल अमुक हजार कोटी.’ बँकेला ते पान लागतं, म्हणून राहू द्या. दुकानाचं भाडं मात्र त्यावरून ठरवू नका. पुण्यातल्या धायरीत फराळाचं दुकान काढायचंय, असं धरून सांगतो.

आधी आपल्या धंद्याचा कोड शोधा. उद्यम नोंदणीत (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाचा जो क्रमांक विचारतात, तोच सरकारी सर्वेक्षणांतही चालतो. चकल्या तळून पाकिटात विकणार असाल तर विभाग १०, टेबलं टाकून खायला घालणार असाल तर ५६, दुसऱ्याचा माल आणून विकणार असाल तर ४७.

मग कागद गोळा करा: राज्याची आर्थिक पाहणी, जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन, घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण आणि असंघटित उद्योगांचं वार्षिक सर्वेक्षण. सगळं नेटवर फुकट मिळतं. विकतचे चकचकीत अहवाल आपल्या आकाराच्या धंद्यासाठी नसतातच.

आता खरी गोम. देशाचा आकडा आपल्या गल्लीपर्यंत आणताना माझी पहिल्यांदा पुरती फसगत झाली होती. आजचे आकडे घेऊन तीच चूक दाखवतो. २०२३-२४ च्या उपभोग सर्वेक्षणात शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये आहे. त्यातले सुमारे ११ टक्के पेयं आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांवर जातात, म्हणजे माणशी साधारण ७७५ रुपये. चौघांच्या घराचे ३,१०० झाले. परिसरात दहा हजार घरं धरली की महिन्याला ३ कोटी १० लाख! ‘आपल्याला एक टक्का मिळाला तरी तीन लाख’ असं मी बायकोला सांगितलं होतं (रक्कम तेव्हा वेगळी होती, आव हाच). तिने विचारलं, “यात चहा धरलाय का?”

धरला होता. त्या ७७५ रुपयांत टपरीवरचा चहा, बिस्किटं, वेफर्स, कोल्ड्रिंक, लोणची-सॉस, हॉटेलातलं जेवण, सगळं येतं. चकलीच्या वाट्याला त्यातलं किती? म्हणून गुणाकाराआधी त्या गटात काय काय मोडतं, ते वाचा. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत पेयं, तयार वाढलेले पदार्थ आणि पाकीटबंद पदार्थ वेगवेगळे विचारले आहेत. आपल्याला फक्त शेवटचा भाग हवा. शिवाय फराळाचा धंदा दिवाळीवर उभा असतो आणि वर्षभराची सरासरी दिवाळीचं शिखर आणि एरवीचा खड्डा दोन्ही बुजवून टाकते. बारा समान महिने धरून भाडेकरार केलात तर फेब्रुवारीत घरमालकाचा फोन उचलवणार नाही. आणि तो ‘एक टक्का’? तो कुठल्याच तक्त्यात नाही. मी मनानेच धरला होता.

दुसरा घोळ लोकसंख्येचा. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१.२४ लाख होती, पण तेव्हा धायरी महापालिकेत नव्हतीच. २०१७ मध्ये ११ गावं आत आली, त्यांत ती आली; २०२१ मध्ये आणखी २३. महापालिकेच्या २०११ च्या प्रभागनिहाय तक्त्यात धायरी शोधत बसलात तर सापडणार नाही, तिची नोंद गावांच्या यादीत पाहावी लागते. सापडली तरी तो आकडा मधल्या काळात उठलेल्या टॉवरांच्या आधीचा. मी आता सरळ पेपर टाकणाऱ्याला गाठतो. कुठल्या सोसायटीत किती फ्लॅट बंद आहेत, कुठे भाड्याने राहणारी पोरं आहेत आणि कुठे कुटुंबं, हे त्याला तोंडपाठ असतं. भाड्याने राहणारी पोरं पाव किलो चिवडा नेतात, दिवाळीला गावी जातात.

असंघटित उद्योगांच्या सर्वेक्षणातून काम करणाऱ्या माणसामागे किती उत्पन्न निघतं तेवढं पाहा. तुमच्या कागदावरचा माणशी नफा त्याच्या तिप्पट दिसत असेल तर कागद पुन्हा तपासा.

शेवटी वही घेऊन, जागा पक्की करण्याआधी, जवळच्या चालत्या फराळवाल्यासमोर संध्याकाळी सहा ते आठ उभे राहा. एक मंगळवार, एक रविवार. किती जण आत गेले आणि किती जण पिशवी घेऊन बाहेर आले, दोन्ही मोजा. तो विचारेलच काय करताय म्हणून. त्याच्याकडून पाव किलो शेव घ्या आणि मोजत राहा.