सालसाच्या पुढे: आफ्रो-क्यूबन नाचात करिअर करायचं असेल तर

सालसा करणाऱ्या मराठी मुलामुलींचे मला मेसेज येतात: "ताई, आफ्रो-क्यूबन शिकायचंय, कुठून सुरुवात करू? आणि यात पोट भरतं का?" मी कॅलिफोर्नियात ऑकलंडला राहते, तिथेच नाचते आणि शिकवते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नुसत्या स्टेजवर पोट भरत नाही. आठवड्याचे क्लास, शाळांमधले तास, जमलं तर एखाद्या कॉलेजात तासिका तत्त्वावरचं काम आणि अधूनमधून कार्यक्रम, असं सगळं जोडून महिना निघतो. माझ्याबरोबरचे निम्मेअधिक लोक सोबत दुसरी नोकरी करतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आता पहिला प्रश्न. आफ्रो-क्यूबन हा आफ्रो-कॅरिबियन नाचांतलाच एक भाग, आणि आफ्रो-कॅरिबियन नावाचा एक नाच नाही. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी बेटाबेटांवर जे जपलं आणि घडवलं, ते सगळं या नावाखाली येतं. हैतीत यानवालू, पेत्वो, इबो, बांदा. पोर्तो रिकोत बोंबा. क्यूबात रुंबा, शिवाय योरुबा देवतांचे, म्हणजे ओरिशांचे नाच. सगळ्यातलं थोडं थोडं शिकवणारे हवे तितके भेटतील. पण काम मिळतं ते एक घर धरून बसलेल्यांना. मी क्यूबा धरलं, कारण ऑकलंडमध्ये चांगले क्यूबन वादक होते. इतकं साधं कारण पुरतं.

हे स्टेजवर आणि वर्गात आणण्यात मोठा वाटा अमेरिकन नर्तकी कॅथरीन डनहॅम यांचा. त्या शिकागोत मानववंशशास्त्र शिकत होत्या. १९३५ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि हैतीला गेल्या, लोकांमध्ये राहून नाच शिकल्या आणि पुढे त्यातून स्वतःचं तंत्र बांधलं. अमेरिकेत ते आजही शिकवलं जातं आणि ते शिकवण्याचं रीतसर प्रमाणपत्रही मिळतं. कॉलेजात शिकवायचं असेल तर हा रस्ता बघाच.

शरीराबद्दल. कथक किंवा लावणी करून आलेल्यांची लय पक्की असते, ही जमेची बाजू. पण आपल्याला ताठ पाठीची सवय असते. इथे गुडघे कायम वाकलेले, धड किंचित पुढे, वजन जमिनीकडे. बघणाऱ्याला वाटतं सगळं कमरेत आहे. प्रत्यक्षात हालचाल बऱ्याचदा छाती आणि पाठीतून निघते आणि कंबर मागून येते. यानवालूत तर अख्खा कणा लाटेसारखा सरकतो. पहिले काही महिने मांड्या भरून येतील. गुडघा दुखायला लागला तर मात्र लगेच थांबा, आणि सिमेंटवर फरशी घातलेल्या हॉलमध्ये रोजचा सराव करू नका. लवचीक लाकडी जमिनीचा हॉल शोधा.

या धंद्यात टिकायचं की नाही हे ढोलवाले ठरवतात. ऑकलंडच्या अ‍ॅलिस स्ट्रीटवर मलोंगा कास्केलूर्द सेंटर आहे. काँगोतून आलेल्या एका मोठ्या नर्तक-वादकाचं नाव त्याला दिलंय. अशा ठिकाणच्या वर्गात वादक समोर बसतात आणि नाचणारे तीन-तीन, चार-चारच्या ओळीत त्यांच्या दिशेने नाचत जातात. ढोलाजवळ पोचल्यावर काही जण वाकून जमिनीला हात लावतात. आपल्याकडच्या मुलींना ते वेगळं सांगावं लागत नाही. रुंबात कोलंबिया नावाचा प्रकार आहे, परंपरेने पुरुषांचा एकट्याचा नाच. त्यात किंतो हा सगळ्यात उंच स्वराचा ढोल नाचणाऱ्याशी सवालजवाब करतो. तुम्ही खांदा उडवलात की तो ठोका देतो, त्याने चकवलं की तुम्ही उत्तर द्यायचं. रेकॉर्डवर नाचून हे येत नाही.

म्हणून वादकांना पैसे द्या, वेळेवर द्या आणि आधी द्या. माझा हिशेब साधारण असा: वीस डॉलर फी, बारा माणसं आली तर २४० डॉलर. हॉलचे ६०, तीन वादकांना प्रत्येकी ५०. उरले ३०. पाऊस पडला आणि आठच जण आले तर खिशातून ५०. स्पीकर लावून शिकवलं तर हे दीडशे वाचतात खरे, पण मग मला शिकवण्यासारखं फार उरत नाही. तोटा शाळांमधल्या कामातून भरून काढते.

ओरिशांचे नाच हा नाजूक भाग. समुद्राची देवी येमाया, तिचा निळा घेर लाटांसारखा फिरवायला सगळ्यांना आवडतं, लोखंडाचा देव ओगून, त्याच्या हातातली माचेते (लांब कोयता) फोटोत झकास दिसते. पण क्यूबात हा आजही लोकांचा चालता धर्म आहे. विधीतले बाता ढोल अभिमंत्रित असतात आणि परंपरेनुसार बायका त्यांना हात लावत नाहीत. वर्गात वाजतात ते वेगळे. या नियमाबद्दल तुमचं काही मत असेल, माझंही आहे, पण पाहुणा म्हणून गेलात तर आधी विचारायचं. आणि स्टेजवर अंगात आल्याचं सोंग करू नका. कार्यक्रमाचे आयोजक हौसेने सुचवतात. मी एक काम याच कारणाने सोडलंय.

हवानाला जायला जमलं तर कॉन्हुंतो फोल्क्लोरिको नासिओनाल बघा. १९६२ मध्ये स्थापन झालेली ही लोकनृत्याची सरकारी मंडळी, वेदादो भागात त्यांचं अंगण आहे आणि तिथले शनिवारचे रुंबाचे कार्यक्रम प्रसिद्ध आहेत. क्यूबातल्याच मातान्सास शहराला तर जाच. मुन्येकितोस दे मातान्सास हा गट १९५२ पासून तिथे रुंबा वाजवतायत. खाजगी शिक्षक सहज मिळतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी निघण्यापूर्वी नियम वाचावेत, अमेरिकन कायद्याने क्यूबाला निव्वळ पर्यटनासाठी जाता येत नाही, ठरलेल्या कारणांपैकी एक लागतं.

कागदपत्रांचं आणखी एक. बे एरियातल्या (म्हणजे ऑकलंड-सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) बऱ्याच मराठी मुली नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर असतात. कामाचा परवाना नसेल तर फी घेऊन क्लास चालवणं हे बेकायदा काम ठरतं, अगदी घराच्या गॅरेजमध्येसुद्धा. तोवर शिका, जितकं शिकता येईल तितकं. परवाना आला की मग पाटी लावा.

भारतात बसून आत्ता काय करता येईल? रुंबाची क्लावे, म्हणजे सगळं ज्यावर उभं असतं तो पाच ठोक्यांचा ठेका, टाळीवर धरायला शिका, आणि ती धरून चालता यायला हवं, बोलता यायला हवं. स्पॅनिश सुरू करा. आणि गा. वर्गात मुख्य गायक ओळ टाकतो, बाकीचे कोरस उचलतात. नवा माणूस पाय चुकला तरी चालतो, पण तोंड बंद ठेवून उभा राहिलेला वादकांना आवडत नाही. सुरुवात एलेग्वा या ओरिशाच्या गाण्यापासून करा, कारण ओरिशांच्या क्रमात तोच पहिला येतो.